‘विकत घेऊनही गेम आपला होत नसेल, तर पायरसी चोरी कशी?’ सोशल मीडियावरच्या या युक्तिवादात किती तथ्य आहे?

एप्रिल २०१३. ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या छोट्याशा कंपनीने आपला पहिला गेम विक्रीला आणला. नाव ‘गेम डेव्ह टायकून’, किंमत ८ डॉलर. या गेममध्ये आपण स्वतःची गेम कंपनी काढायची, गेम बनवायचे, विकायचे आणि कंपनी मोठी करायची.

गेम आला त्याच दिवशी या भावांनी आणखी एक उद्योग केला. आपल्याच गेमची ‘क्रॅक’ केलेली प्रत त्यांनी स्वतःच टोरंटवर टाकली. दिसायला अगदी तोच गेम. फरक एकच. काही तास खेळून झाले की खेळणाऱ्याला निरोप यायचा, की लोक तुमचे गेम विकत न घेता फुकट डाउनलोड करत आहेत. त्यानंतर कंपनीची कमाई आटत जायची आणि कितीही चांगला गेम बनवला तरी शेवटी दिवाळं ठरलेलं असायचं.

पहिल्या दिवसाचा हिशेब या भावांनी नंतर जाहीर केला. गेम विकत घेणारे २१४. फुकटची प्रत खेळणारे कमीत कमी ३,१०४. म्हणजे शंभरातले जवळपास ९४ जण फुकटे.

खरी गंमत पुढे झाली. फुकट खेळणाऱ्यांपैकी काहींनी इंटरनेटवर तक्रार केली, की पायरसीमुळे आमची कंपनी बुडतेय, गेममध्ये यावर काही उपाय आहे का? आपण स्वतः काय करतोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. आज पायरसीचं समर्थन करणारे इतके भाबडे राहिलेले नाहीत. त्यांच्याकडे एक जोरदार वाक्य आहे. रेडिटपासून इन्स्टाग्रामच्या मीमपर्यंत सगळीकडे ते दिसतं: विकत घेणं म्हणजे मालकी नसेल, तर पायरसी म्हणजे चोरी नाही.

ऐकायला एकदम पटतं. पण हे वाक्य नेमकं आलं कुठून? त्यात खरं किती आणि सोयीचं किती?

या वाक्याला धार कशामुळे आली?

फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. लोकांनी पूर्ण पैसे मोजून तो घेतला. एकट्याने खेळायचा म्हटलं तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागायचं.

डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने गेमची विक्री थांबवली. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून डिस्क असो की डाउनलोड केलेली प्रत, गेम कोणालाच सुरू करता येईना. पाठोपाठ अनेकांच्या खात्यातून गेमचा परवानाही काढून घेण्यात आला. अमेरिकेतल्या काही ग्राहकांनी कंपनीला कोर्टात खेचलं. त्यावर कंपनीचं म्हणणं असं, की ग्राहकांनी गेम विकत घेतला नव्हता, गेम वापरण्याचा मर्यादित परवाना घेतला होता.

त्याच वर्षी जानेवारीत युबिसॉफ्टच्या सबस्क्रिप्शन विभागाचे प्रमुख फिलिप ट्रेम्ब्ले यांची मुलाखत आली होती. सीडी आणि डीव्हीडी आपल्या मालकीच्या नसण्याची लोकांना सवय झाली, तसा बदल गेमच्या बाबतीतही व्हावा लागेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. खरं तर ते सबस्क्रिप्शन कसं वाढेल, या प्रश्नाचं उत्तर देत होते. पण सोशल मीडियावर एवढंच पोचलं, की गेम तुमच्या मालकीचा नसण्याची सवय करून घ्या, असं कंपनी सांगतेय. ‘द क्रू’चे सर्व्हर दोनच महिन्यांत बंद झाल्यावर लोकांना आणखी पुराव्याची गरज उरली नाही.

म्हणजे ग्राहकांचा राग खोटा नाही. स्टीमवर आपण ‘खरेदी’चं बटण दाबतो तेव्हा आपल्याला मिळतो तो परवाना. बटणावर मात्र खरेदीच लिहिलेलं असतं. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये यावर कायदा केला. ग्राहकाला मिळतोय तो फक्त परवाना आहे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर खरेदी असा शब्द वापरायचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून हा कायदा लागू झाला. त्याच्या आधीच स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली.

पण एक लक्षात घ्या. हा कायदा ग्राहकाला मालकी देत नाही. तुम्ही मालक नाही आहात, एवढंच तो प्रामाणिकपणे सांगायला लावतो.

पायरसी म्हणजे चोरी का?

कायद्याच्या भाषेत बघायचं तर नाही. आणि इथे पायरसी समर्थकांचा मुद्दा बरोबर आहे.

चोरीत एकाची वस्तू दुसऱ्याकडे जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची जी व्याख्या आहे, ती हलवता येईल अशा मालमत्तेची आहे. गेमची कॉपी केली तर मूळ गेम जागेवरच राहतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ मध्ये डाउलिंग खटल्यात कॉपीराइटचा भंग आणि चोरी यांना सरसकट एकाच तागडीत तोलायला नकार दिला होता.

पण चोरी नाही म्हणजे गैर नाही, असं होत नाही. एक साधं उदाहरण घेऊ. बालगंधर्वला नाटक चालू आहे, मागच्या पाच रांगा रिकाम्या आहेत. तुम्ही तिकीट न काढता मागच्या दाराने आत जाऊन बसलात. कोणाची खुर्ची गेली नाही, कोणाचा खिसा कापला गेला नाही, नाटक तसंही होणारच होतं. तरी आपण जे केलं ते बरोबर नव्हतं, हे आपल्याला कळतं. कारण ते नाटक उभं राहिलं, ते तिकीट काढून पुढे बसलेल्या लोकांच्या जिवावर. सगळेच मागच्या दाराने आले असते तर पुढचा प्रयोग लागला नसता.

म्हणजे ‘चोरी की नाही’ हा प्रश्नच फारसा उपयोगाचा नाही. विचारायचं ते हे: ज्याच्या मेहनतीचा आनंद आपण घेतोय, त्याला देणं लागत असलेले पैसे आपण चुकवले का? आणि चुकवले तर त्याला काही सबळ कारण होतं का?

भारतातला कायदा काय सांगतो?

आपल्याकडे याबाबत कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. गेम हा संगणक प्रोग्रॅम असल्याने त्यातली काही कलमं थेट लागू पडतात.

कलम ६३ : कॉपीराइटचा जाणूनबुजून भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो खटल्यात स्पष्ट केलं.

कलम ६३ ब : प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही संगणकावर तिचा वापर केल्यास सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि तेवढाच दंड. मात्र वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि ५० हजारांपर्यंतच्या दंडावर प्रकरण मिटवू शकतं.

कलम ६५ अ : कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने सुरक्षेचं तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे कलम २०१२ च्या दुरुस्तीने आलं.

याच कायद्यातली एक तरतूद ग्राहकाच्या बाजूची आहे. रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत खराब झाली किंवा हरवली तर अडचण नको, म्हणून बॅकअप कॉपी करून ठेवण्याची मुभा कलम ५२ देतं.

थोडक्यात, ‘घरी बसून खेळतोय, विकत थोडाच आहे’ हा बचाव शिक्षा कमी करू शकतो. कृती कायदेशीर ठरवू शकत नाही.

‘एवढे पैसे आहेत कोणाकडे?’

आपल्याकडचा सगळ्यात जुना युक्तिवाद हाच. आणि त्याला इतिहास आहे.

महाराष्ट्रात पंचविशी-तिशी ओलांडलेल्या अनेकांनी ‘व्हाइस सिटी’, ‘प्रोजेक्ट आयजीआय’ किंवा ‘काउंटर स्ट्राइक’ पहिल्यांदा खेळले ते सायबर कॅफेत, नाहीतर मित्राने दिलेल्या सीडीवरून. लॅमिंग्टन रोडला जाऊन आणलेल्या त्या सीडीवर मार्करने गेमचं नाव लिहिलेलं असायचं. ती प्रत ओरिजिनल नाही, असा विचारही कोणाच्या डोक्यात यायचा नाही. ओरिजिनल कुठे मिळते हेच माहीत नव्हतं. पुढे ऑनलाइन विक्री सुरू झाली तरी किमती डॉलरमध्ये आणि पैसे भरायला आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड लागायचं. कॉलेजच्या पोराकडे ते कुठून येणार?

किमतीचा प्रश्न आजही आहे. प्लेस्टेशन ५ आल्यापासून मोठे गेम भारतात ४,९९९ रुपयांच्या घरात गेले. अमेरिकेत ७० डॉलरचा गेम घ्यायला केंद्रीय किमान वेतनावर, म्हणजे तासाला सव्वासात डॉलरवर, काम करणाऱ्याला सुमारे १० तास राबावं लागतं. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने ४,९९९ रुपये म्हणजे १६ दिवसांची मजुरी. त्यात किमती चढत्याच आहेत. निन्टेंडोने २०२५ मध्ये ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ची किंमत ८० डॉलर ठेवली.

ही तुलना टोकाची आहे, हेही मान्य करायला हवं. रोजगार हमीवर राबणारा माणूस प्लेस्टेशनचा गेम क्रॅक करत बसलेला नाही. नवीन गेम क्रॅक करून खेळायचा तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा पीसी लागतो आणि तो हजारो रुपयांचा असतो. हार्डवेअरला पैसे मोजायचे कारण ते फुकट मिळत नाही, आणि गेमला मोजायचे नाहीत कारण तो फुकट मिळतो. याला गरिबी म्हणता येणार नाही.

परवडत नाही, हे दुःख खरं असू शकतं. पण गेम म्हणजे औषध किंवा पाठ्यपुस्तक नाही. तो आज नाही घेतला तर सहा महिन्यांनी सेलमध्ये येतो. अनेक गेम अधिकृतपणेच फुकट असतात. ‘मला हवा आहे’ आणि ‘मला मिळालाच पाहिजे’ यातलं अंतर किमतीच्या युक्तिवादात गायब होतं.

किंमत महत्त्वाची की सोय?

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी २०११ मध्ये एक मत मांडलं होतं. पायरसी बहुतेक वेळा किमतीमुळे होत नाही, सेवा वाईट असल्यामुळे होते. रशियात धंदा करू नका, तिथे सगळं पायरेटेड चालतं, असा सल्ला त्यांना मिळाला होता. प्रत्यक्षात तिथे गेमचं रशियन भाषांतर अधिकृत कंपन्यांच्या आधी पायरसीवाले करून देत होते, असं त्यांचं निरीक्षण होतं.

पोलंडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ‘द विचर’ बनवणारी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ मध्ये बाहेरचे गेम आणून विकणारी कंपनी म्हणून सुरू झाली. त्या वेळी पोलंडच्या बाजारात पायरेटेड प्रतींचंच राज्य होतं. १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ आणताना कंपनीने किमतीच्या शर्यतीत न उतरता पायरसीवाले देऊ शकणार नाहीत असं काहीतरी द्यायचं ठरवलं. नामवंत कलाकारांच्या आवाजात पोलिश डबिंग केलं, खोक्यात नकाशा आणि इतर वस्तू घातल्या. लोकांनी तो गेम विकत घेतला. याच कंपनीने २००८ मध्ये जीओजी हे ऑनलाइन दुकान काढलं. तिथे गेमला कुठलंही डिजिटल कुलूप नसतं. एकदा घेतलेली फाइल आपल्याकडे ठेवता येते.

भारतातही नोव्हेंबर २०१५ पासून स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या. आता यूपीआयने पैसे भरता येतात, सेलमध्ये गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. क्रेडिट कार्ड नाही म्हणून पायरसी, हे कारण आता उरलेलं नाही.

याउलट कुलपांचा जाच प्रामाणिक ग्राहकालाच होतो. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ आला तेव्हा सतत ऑनलाइन राहण्याच्या सक्तीमुळे सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक कित्येक दिवस ताटकळत बसले. युबिसॉफ्टने तर २००८ मध्ये कमाल केली. ‘रेनबो सिक्स व्हेगास २’ डाउनलोड केलेल्या ग्राहकांकडे गेम डिस्क मागू लागला. यावर कंपनीने जी दुरुस्तीची फाइल दिली, ती पायरसी करणाऱ्या रीलोडेड या गटाने बनवलेला क्रॅक निघाली.

पायरसीने कंपन्यांचं खरंच नुकसान होतं का?

कंपन्या म्हणतात, प्रत्येक फुकट प्रत म्हणजे एक गेलेला ग्राहक. समर्थक म्हणतात, फुकट खेळणारा तसाही विकत घेणार नव्हता. दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे.

युरोपीय आयोगाने एकोरिस या संस्थेकडून एक मोठा अभ्यास करून घेतला होता. तो २०१५ मध्ये पूर्ण झाला, पण लोकांसमोर आला २०१७ मध्ये, तोही युरोपीय संसदेच्या सदस्य जूलिया रेडा यांनी पाठपुरावा केल्यावर. गाजलेल्या नव्या सिनेमांना पायरसीचा फटका बसतो, असं त्यात दिसलं. गेमच्या बाबतीत मात्र उलटं चित्र होतं. फुकट खेळणारे पुढे जास्त गेम विकत घेतात, असा आकड्यांचा कल होता. अर्थात या आकड्यांत चुकीला बरीच जागा असल्याचं अभ्यासकांनीही नमूद केलं होतं.

दुसरा अभ्यास २०२४ चा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले संशोधक विल्यम वोल्कमन यांनी डेन्युव्हो हे कुलूप असलेल्या ८६ गेमची पाहणी केली. गेम आल्या आल्या कुलूप तुटलं तर उत्पन्नात सरासरी २० टक्क्यांच्या आसपास घट दिसली. पण १२ आठवड्यांनंतर तुटलं तर तोटा जवळपास शून्य.

या दुसऱ्या अभ्यासातून दोन्ही बाजूंना धडा आहे. पायरसीने काहीच बिघडत नाही, हे खरं नाही. पहिल्या काही आठवड्यांत बिघडतं आणि चांगलंच बिघडतं. दुसरीकडे, तीन महिन्यांनंतरही गेमवर कुलूप ठेवून ग्राहकाला त्रास देण्यात कंपनीचा फारसा फायदा नाही.

‘कंपन्या गडगंज आहेत, त्यांना काय फरक पडतो?’

मोठ्या कंपन्यांबद्दल सहानुभूती वाटत नाही, हे समजण्यासारखं आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये गेम उद्योगात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘हाय-फाय रश’सारखा वाखाणला गेलेला गेम बनवणारा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. गेम चांगला असूनही माणसं घरी जात असतील, तर पायरसीमुळे कामगारांचं पोट मारलं जातं हे कंपन्यांचं भाषण ऐकून लोक हसणारच.

पण टोरंटवर फक्त गडगंज कंपन्यांचे गेम नसतात. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. आपल्या पुराणकथांवर बेतलेला हा गेम. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं.

अशा चमूसाठी पहिल्या महिन्यातली विक्री म्हणजे पुढचा गेम बनवता येणार की नाही, याचं उत्तर असतं. रॉकस्टारच्या ताळेबंदात तुमचे चार-पाच हजार रुपये दिसणारही नाहीत. पुण्यातल्या दहा-पंधरा जणांच्या स्टुडिओला पाचशे रुपयेही दिसतात. ‘भारतात चांगले गेम का बनत नाहीत’ असं विचारणाऱ्याने आधी आपण शेवटचा भारतीय गेम विकत कधी घेतला, हे आठवून बघावं. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवून ‘मराठी वाचनसंस्कृती टिकली पाहिजे’ म्हणणाऱ्यांसारखंच हे आहे.

मग पायरसीचं समर्थन कधीच होऊ शकत नाही का?

काही प्रसंगी होऊ शकतं, आणि ते प्रसंग खरे आहेत.

पहिला प्रसंग, गेम विकतच मिळत नसेल तेव्हा. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे जुने गेम संशोधकांना दूरस्थपणे दाखवता यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. म्हणजे कंपनी विकणार नाही, ग्रंथालयाला दाखवू देणार नाही, आणि लोकांनी जतन केलं तर तो गुन्हा. अशा वेळी पैसे चुकवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण पैसे घ्यायला समोर कोणी उभंच नाही.

आपल्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर ‘व्हाइस सिटी’चंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉकस्टारने जीटीए मालिकेतल्या तीन जुन्या गेमच्या मूळ आवृत्त्या दुकानांतून काढून टाकल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची नवी आवृत्ती आणली. ती इतकी सदोष होती, की कंपनीला माफी मागावी लागली आणि पीसीवरच्या जुन्या आवृत्त्या आपल्या दुकानात परत आणाव्या लागल्या. ओरड झाली नसती तर मूळ गेम मिळवायचा रीतसर मार्गच उरला नसता.

दुसरा प्रसंग, पैसे देऊनही गेम काढून घेतला तेव्हा. ‘द क्रू’ विकत घेतलेल्या माणसाने तो चालू ठेवायला चाहत्यांनी उभारलेला सर्व्हर वापरला, तर कायदा काहीही म्हणो, त्याने कोणाला फसवलं असं म्हणणं अवघड आहे. त्याने आपले पैसे आधीच दिले आहेत.

तिसरा प्रसंग, बनवणाराच परवानगी देतो तेव्हा. जानेवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने ‘हॉटलाइन मायामी २’ला प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा त्याच्या निर्मात्यांपैकी एकाने तिथल्या चाहत्यांना गेम खुशाल पायरेट करा, असं सांगितलं होतं.

पण या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. पैसे देण्याची वाट बंद आहे, किंवा पैसे आधीच दिले आहेत, किंवा निर्मात्याने माफ केले आहेत. मागच्या आठवड्यात आलेला, स्टीमवर रुपयांत मिळणारा गेम यातल्या कशातच बसत नाही. निन्टेंडोने २०२४ मध्ये युझु या एम्युलेटरवर खटला भरला, त्यातल्या आरोपानुसार ‘झेल्डा : टिअर्स ऑफ द किंगडम’ विक्रीला येण्याच्या आधीच १० लाखांहून अधिक वेळा बेकायदा डाउनलोड झाला होता. जो गेम अजून विक्रीलाच आला नव्हता, तो ‘कंपनीने काढून घेतला’ म्हणून कोणी डाउनलोड केला असेल का?

त्या खटल्यात युझुच्या निर्मात्यांनी २४ लाख डॉलर देण्याचं मान्य करून प्रकल्प बंद केला. सोबत स्वतःचे जुने, रीतसर घेतलेले गेम एम्युलेटरवर खेळणाऱ्यांचाही रस्ता अवघड झाला. भारतासारख्या देशात, जिथे निन्टेंडोने अनेक वर्षं अधिकृत विक्रीच केली नाही, हा तोटा जास्त जाणवतो. न परवडणाऱ्यांच्या आणि जतन करणाऱ्यांच्या नावावर नव्या गेमची लूट केली, की कारवाईची कुऱ्हाड त्यांच्यावरच आधी पडते.

‘स्वस्तात की’ घेणं बरं का?

अनेकांना वाटतं, की टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवर दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारी ‘की’ किंवा दुसऱ्याच्या खात्यावरून ‘ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन’ घेतलं की आपण पायरसी केली नाही. पैसे तर दिले!

दिले, पण कोणाला? अशा काही की चोरलेल्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या असतात. कार्डाचा मालक तक्रार करतो, बँक पैसे परत घेते आणि भुर्दंड गेम बनवणाऱ्याला पडतो. ‘फॅक्टोरिओ’ बनवणाऱ्या वूब कंपनीच्या चोरीच्या की आपल्या बाजारात विकल्या गेल्याचं जी२ए या संकेतस्थळाला मान्य करावं लागलं आणि २०२० मध्ये सुमारे ४० हजार डॉलर भरपाई द्यावी लागली. २०१९ मध्ये नो मोर रोबॉट्स या छोट्या प्रकाशनाच्या प्रमुखाने तर वैतागून सांगितलं होतं, की जी२एवरून घेण्यापेक्षा आमचा गेम पायरेट करा. मधल्या दलालाला मिळणाऱ्या पैशातून निर्मात्याला काहीच मिळत नाही, उलट त्याच्याच खिशातून जातं.

फुकटच्या प्रतीचीही किंमत असते. अवास्ट कंपनीने २०२१ मध्ये ‘क्रॅकोनोश’ नावाचा व्हायरस शोधला. तो क्रॅक केलेल्या गेममधून पसरत होता. २ लाख २२ हजारांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले होते आणि मालकांच्या नकळत क्रिप्टो चलन कमावून देत होते. सर्वाधिक फटका बसलेल्या देशांत भारतही होता.

मग मालकीच्या प्रश्नाचं काय?

तो सुटायला हवाच. पण टोरंटने तो सुटत नाही. पायरसी केल्याने खेळणाऱ्याला एक गेम मिळतो, ‘परवाना’ आणि ‘मालकी’ यातला घोळ तसाच राहतो. उलट अधिक कडक कुलूप लावायला कंपनीला सबब मिळते.

वेगळा मार्ग रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबरने दाखवला. ‘द क्रू’ बंद झाल्यावर त्याने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मागणी साधी होती. विकलेला गेम बंद करताना तो खेळण्याजोगा राहील अशी व्यवस्था करून मग बंद करा. युरोपीय नागरिकांच्या अधिकृत याचिकेला १० लाख सह्या लागतात. ३१ जुलै २०२५ ला मुदत संपली तेव्हा १४ लाखांहून अधिक जमल्या होत्या. या गदारोळात युबिसॉफ्टनेही ‘द क्रू २’ला ऑफलाइन खेळण्याची सोय देण्याचं जाहीर केलं. जे हजारो क्रॅकनी झालं नाही, ते ग्राहकांनी नाव लावून केलेल्या तक्रारीने काही प्रमाणात झालं.

भारतात अशी चर्चा अजून सुरूच झालेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर होता. विकत घेतलेला गेम कंपनीने बंद केला तर ग्राहकाने काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही.

डाउनलोडचं बटण दाबण्याआधी

पुढच्या वेळी ‘मालकी नाही तर चोरी नाही’ हे मीम शेअर करण्याआधी, किंवा टोरंट सुरू करण्याआधी, चार प्रश्न स्वतःला विचारून बघा.

हा गेम मला आज रीतसर विकत मिळतो का?

मी याचे पैसे आधी कधी दिले आहेत का?

मी न दिलेल्या पैशांचा फटका नेमका कोणाला बसणार आहे?

आणि परवडेल तेव्हा मी तो खरोखर विकत घेणार आहे का?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचं ‘हो’ असेल, तर तुमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. कायदा बदलायला हवा तो तुमच्यासाठी. पण गेम स्टीमवर आहे, रुपयांत आहे, पैसे कधी दिलेले नाहीत, आणि द्यायचा विचारही नाही, अशी उत्तरं असतील तर मालकीचा मुद्दा तुमचा नाही. तो ‘द क्रू’चे पैसे भरून हात चोळत बसलेल्या ग्राहकाचा आहे. त्याची तक्रार उसनी घेऊन आपला फुकटेपणा झाकला, की उद्या तो खरोखर न्याय मागायला जाईल तेव्हा कंपन्या त्यालाही फुकट्यांच्या रांगेत उभं करतील.